सर्व्हरवर जुनं डेबियन आहे? मग आधी या गोष्टी बघून घ्या

कुणीतरी नोकरी सोडून गेलं आणि त्याचा सर्व्हर आता तुमच्या गळ्यात पडलाय, किंवा कॉलेजच्या लायब्ररीतलं कोहा (लायब्ररी सांभाळायचं सॉफ्टवेअर) ज्या मशिनवर चालतं ते इथून पुढे तुम्हीच सांभाळायचं असं ठरलंय, आणि लॉगिन करून बघताय तर आत डेबियन ११, म्हणजे लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं एक जुनं व्हर्जन. लगेच दोन बाजूंनी सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो चालतंय ना, मग हात लावू नकोस. दुसरा म्हणतो एवढं जुनं ठेवलंच कसं, आजच्या आज लेटेस्ट टाक. दोघांनीही मुख्य गोष्ट बघितलेली नसते, ती म्हणजे त्या जुन्या व्हर्जनला सिक्युरिटी फिक्स कुणी देतंय का, देत असेल तर कोण, आणि कुठल्या तारखेपर्यंत. सॉफ्टवेअर जुनं असणं वेगळं आणि वाऱ्यावर सोडलेलं असणं वेगळं. जुनं असून सांभाळलेलं असेल तर तुमच्याकडे शांतपणे प्लॅन करायला वेळ आहे, आणि वाऱ्यावर सोडलेलं असेल तर आज चालतंय याला काही अर्थ नाही.

जुनी व्हर्जन्स सांभाळायचं काम ओपन सोर्समध्ये काही माणसं वर्षानुवर्षं मन लावून करतायत, त्यात नवीन फीचर नसतं, नाव होत नाही, आणि मला खरंच वाईट वाटतं की आपल्याकडे बरेच जण त्या कामाचा फायदा फुकट मिळत असूनही घेत नाहीत, कारण तो कसा घ्यायचा हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख.

डेबियन धरून लिहितोय कारण तिथे सगळं उघड्यावर चालतं, कुठला फिक्स कधी आला ते कुणालाही बघता येतं. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

पायरी १: हातात नक्की काय आहे ते बघा

'कॅट /ईटीसी/डेबियन_व्हर्जन' ही कमांड द्या. नुसतं ११ आहे की १२ एवढंच बघून पुढे जाऊ नका, पॉइंटनंतरचा आकडा पण बघा. डेबियन ११ चं, म्हणजे बुल्सआयचं, शेवटचं पॉइंट रिलीज (साठलेले फिक्स एकत्र करून काढलेलं छोटं रिलीज) ११.११ होतं, ते ३१ ऑगस्ट २०२४ ला आलं. तुमच्याकडे ११.११ दिसत असेल तर निदान तोपर्यंत तरी कुणीतरी अपडेट मारत होतं. ११.३ दिसत असेल तर ते मार्च २०२२ चं आहे, म्हणजे त्यानंतर या मशिनकडे बहुतेक कुणी फिरकलेलंच नाही, आणि मग पुढच्या सगळ्या पायऱ्या जरा जास्त काळजीने करायच्या.

मग 'युनेम -ए' द्या. त्यात कर्नलच्या (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या) पॅकेजचं पूर्ण व्हर्जन आणि कंसात तारीख येते. ही तारीख चालू असलेल्या कर्नलची असते, डिस्कवर इन्स्टॉल केलेल्या कर्नलची नाही. अपडेट नियमित होतायत पण मशिन दोन वर्षं रिबूटच केलेलं नाही हा प्रकार फार कॉमन आहे, आणि तिथे नवा कर्नल डिस्कवर नुसता पडून असतो, मेमरीत जुनाच पळत असतो. 'अपटाइम' बघितलं की लगेच कळतं. कुणी चारशे दिवसांचा अपटाइम अभिमानाने दाखवत असेल तर त्याला विचारा की चारशे दिवसांतले कर्नलचे फिक्स कुठे गेले.

पायरी २: तारखा काढा

डेबियनचं गणित साधारण असं असतं: स्टेबल रिलीज आलं की तीन वर्षं सिक्युरिटी टीम ते सांभाळते, आणि त्यानंतर साधारण दोन वर्षं एलटीएसची (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे लांबवलेला सपोर्ट) वेगळी टीम सांभाळते, असे मिळून पाच. बुल्सआय १४ ऑगस्ट २०२१ ला आलं, रेग्युलर सपोर्ट १४ ऑगस्ट २०२४ पर्यंत आणि एलटीएस ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत. बुकवर्म म्हणजे डेबियन १२, ते १० जून २०२३ ला आलं, रेग्युलर १० जून २०२६ पर्यंत, एलटीएस ३० जून २०२८ पर्यंत. त्यानंतरचं ट्रिक्सी, डेबियन १३, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. आणि डेबियन १०, बस्टर, त्याची एलटीएस ३० जून २०२४ लाच संपली, त्यामुळे तुमच्याकडे बस्टर असेल तर खालची पायरी ७ आणि ८ आधी वाचा.

एलटीएस २०१४ मध्ये सुरू झाली, डेबियन ६ पासून. त्याआधी नवीन स्टेबल आलं की जुन्याला वर्षभरच फिक्स मिळायचे. आता हे काम करणाऱ्या डेव्हलपर लोकांना बऱ्यापैकी पैसे मिळतात, ते येतात फ्रेक्सियन नावाच्या कंपनीमार्फत, तिच्याकडे वेगवेगळ्या कंपन्या आणि संस्था स्पॉन्सर म्हणून पैसे भरतात आणि त्यातून कामाच्या तासांचे पैसे दिले जातात. अपडेट मात्र सगळ्यांना फुकट, तुम्ही एक रुपया दिला नसला तरी. तुमच्या कॉलेजच्या त्या एका मशिनला जो फिक्स येतो तोच मोठ्या कंपनीच्या हजार मशिनना जातो.

दुसरं काही वापरत असाल तर थोडक्यात: उबुंटूच्या एलटीएस रिलीजला स्टँडर्ड सपोर्ट पाच वर्षं, त्यापुढे उबुंटू प्रोमधून आणखी पाच, आणि वैयक्तिक वापरासाठी प्रो पाच मशिनपर्यंत फुकट आहे. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. सेंटओएस ८ चा तर ३१ डिसेंबर २०२१ लाच संपला, आणि तसं करणार हे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं होतं, म्हणजे ज्यांनी २०२९ पर्यंतचं धरून टाकलेलं त्यांच्या हातात जेमतेम वर्ष उरलं. म्हणून तारखा एकदा वहीत लिहून गप्प बसू नका, वर्षातून एक-दोनदा परत तपासा.

तारखांमध्ये अजून एक गोंधळ होतो तो आधीच सोडवून घ्या. बुल्सआयमध्ये पीएचपी ७.४ आहे. पीएचपीच्या मूळ टीमने ७.४ चा सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद केला. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.१.१ चंही तसंच, मूळ प्रोजेक्टचा फुकट सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. गुगल केलं की हीच तारीख समोर येते आणि माणूस घाबरतो. पण तुम्ही डेबियनचं पॅकेज वापरताय, त्यामुळे त्या रिलीजची मुदत असेपर्यंत डेबियनची टीम फिक्स देत राहते. मात्र हेच पीएचपी ७.४ कुणी सोर्समधून कंपाइल करून टाकलं असेल तर त्याला हे लागू नाही, तिथे २८ नोव्हेंबर २०२२ हीच खरी तारीख.

पायरी ३: फिक्स आला की नाही हे व्हर्जनच्या आकड्यावरून कसं ओळखायचं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे भलेभले गडबडतात.

एलटीएसवाले नवीन व्हर्जन आणत नाहीत. नवीन व्हर्जनमध्ये जो दोष दुरुस्त केलाय तेवढाच बदल उचलून जुन्या कोडमध्ये बसवतात, याला बॅकपोर्ट म्हणतात. नळ गळत असेल तर वॉशर बदलतो, अख्खं बाथरूम नव्याने बांधत नाही, तसं. त्यामुळे सॉफ्टवेअरचं वागणं बदलत नाही, कॉन्फिग फाइल तीच, पण दोष गेलेला. आणि म्हणूनच व्हर्जनचा मुख्य आकडाही बदलत नाही, आणि गैरसमज होतो तो इथेच.

खरं उदाहरण घेऊ. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधला रिग्रेसएसएच नावाने गाजलेला दोष जाहीर झाला, सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे प्रत्येक जाहीर दोषाला मिळणारा नंबर). लॉगिन पूर्ण न करता कनेक्शन नुसतं धरून ठेवलं की ठरावीक वेळेने सर्व्हर ते तोडतो, त्या तोडण्याच्या क्षणी जो कोड पळतो त्यात गफलत होती, आणि ती साधली तर पासवर्ड नसताना थेट रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) ॲक्सेस मिळू शकत होता. मूळ ओपनएसएसएचने फिक्स दिला तो ९.८पी१ या व्हर्जनमध्ये. बुकवर्ममध्ये मात्र ९.२पी१ होतं. डेबियनने ९.८ आणलं नाही, दुरुस्ती तेवढी ९.२ मध्ये बसवली आणि त्याच दिवशी डीएसए-५७२४-१ ही सूचना काढून पॅकेज दिलं, त्याचं व्हर्जन ९.२पी१-२+डेब१२यू३. शेवटचा तो '+डेब१२यू३' नीट बघा: डेब१२ म्हणजे डेबियन १२ साठी, यू३ म्हणजे या रिलीजमधलं तिसरं अपडेट. म्हणजे यू२ वाला सर्व्हर धोक्यात आणि यू३ वाला सुरक्षित, पण दोघांनाही बाहेरून विचारलं तर दोघंही ९.२पी१ च सांगणार.

आणि बुल्सआय? त्यात ओपनएसएसएच ८.४पी१ आहे. हा दोष पूर्वी एकदा, २००६ साली, दुरुस्त झालेला होता आणि ८.५पी१ मध्ये चुकून परत आत आला, त्यामुळे ८.४ ला तो लागूच नव्हता. ज्या जुन्या सर्व्हरकडे बघून सगळे नाकं मुरडत होते तो या वेळी सुरक्षित होता. जुनं म्हणजे सुरक्षित असं कृपया समजू नका, दर वेळी असं होत नाही. पण प्रत्येक दोष तुमच्या व्हर्जनला लागू होतो का, ते स्वतंत्रपणे बघावंच लागतं.

बघायचं कसं, तर 'ॲप्ट पॉलिसी' (ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजेस टाकायचं टूल) आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, इन्स्टॉल असलेलं आणि रिपॉझिटरीत, म्हणजे ॲप्ट जिथून पॅकेजेस आणतं तिथे, उपलब्ध असलेलं अशी दोन्ही व्हर्जन्स पूर्ण दिसतात. मग 'ॲप्ट चेंजलॉग' आणि पॅकेजचं नाव, त्यात सीव्हीईचा नंबर शोधा. नेट नसेल तर '/यूएसआर/शेअर/डॉक' मध्ये त्या पॅकेजच्या नावाचा फोल्डर असतो, त्यातली चेंजलॉगची फाइल 'झेडलेस' ने उघडा. तिसरी जागा म्हणजे डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर, तिथे सीव्हीई नंबर टाकला की प्रत्येक रिलीजसमोर धोक्यात, दुरुस्त असं लिहिलेलं असतं आणि कुठल्या व्हर्जनमध्ये दुरुस्त झालं तेही. रेग्युलर काळातल्या सूचनांना डीएसए नंबर असतो, एलटीएसमधल्या सूचनांना डीएलए. तुमचं मशिन एलटीएसमध्ये गेलं असेल तर डीएसए वाचत बसून उपयोग नाही, डीएलए वाचायच्या.

ऑडिटवाल्यांचा विषय पण इथेच उरकून घेऊ. बाहेरून चालणारा स्कॅनर बऱ्याचदा बॅनर (कनेक्शन होताच सर्व्हर स्वतःचं जे व्हर्जन सांगतो ते) वाचतो, ९.२पी१ दिसलं की लाल शेरा मारतो, आणि तुम्हाला मेल येतो की पंधरा दिवसांत ९.८ टाका. अशा वेळी सोर्समधून ९.८ कंपाइल करून टाकू नका प्लीज! तसं केलंत की डेबियनचे पुढचे सगळे फिक्स त्या प्रोग्रॅमला यायचे बंद, आणि कागदावर हिरवा शेरा मिळवायच्या नादात सर्व्हर खरोखर उघडा पडतो. उत्तरात तीन गोष्टी पाठवा: पॅकेजचं पूर्ण व्हर्जन, डीएसए किंवा डीएलए नंबर, आणि ट्रॅकरच्या पानाचा स्क्रीनशॉट. जमत असेल तर त्यांना सांगा की लॉगिन देऊन आतून स्कॅन करा, मग स्कॅनर पॅकेजचं पूर्ण व्हर्जन वाचतो आणि निम्मी यादी आपोआप कमी होते.

पायरी ४: सोर्सेसची फाइल उघडा

'/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट' आणि शेजारचा 'सोर्सेस.लिस्ट.डी' फोल्डर, दोन्ही. एलटीएससाठी वेगळी रिपॉझिटरी जोडावी लागत नाही, नेहमीची सिक्युरिटीची ओळ असली की झालं. पण ती ओळ आहे का?

डेबियन १० पर्यंत सिक्युरिटीचं नाव 'बस्टर/अपडेट्स' असं होतं, ११ पासून ते 'बुल्सआय-सिक्युरिटी' झालं. ज्यांनी १० वरून ११ ला जाताना फाइलमध्ये फक्त बस्टर शब्दाच्या जागी बुल्सआय केलं त्यांच्याकडे 'बुल्सआय/अपडेट्स' अशी अस्तित्वातच नसलेली जागा तयार झाली, ॲप्टने एरर दिला, आणि एरर दिसू नये म्हणून कुणीतरी ती ओळ हॅश लावून बंद करून टाकली. वरवर सगळं ठीक, 'ॲप्ट अपडेट' एररशिवाय पळतं, आणि सिक्युरिटी फिक्स मात्र एकही येत नाही. जुना सर्व्हर ताब्यात घेतल्यावर ही ओळ डोळ्यांनी वाचायचीच.

दुसरं, फाइलमध्ये रिलीजचं नाव लिहिलंय की 'स्टेबल' असा शब्द? 'स्टेबल' असेल तर तो लगेच बदलून रिलीजचं नाव लिहा. कारण नवीन रिलीज आलं की स्टेबलचा अर्थच बदलतो आणि साधं अपडेट करायला गेलेला माणूस अर्धवट अपग्रेडमध्ये अडकतो. कोहाच्या रिपॉझिटरीतही स्टेबल, ओल्डस्टेबल असे पर्याय असतात आणि दर सहा महिन्यांनी कोहाचं नवीन व्हर्जन येतं, तिथेही तीच काळजी.

तिसरं, बाहेरच्या रिपॉझिटरी. पीएचपी, नोड, डॉकर, पोस्टग्रेस यांच्यासाठी कुणी वेगळ्या ओळी टाकल्या असतील तर त्या प्रत्येकाची मुदत वेगळी. डेबियनची एलटीएस त्यांना लागू नाही. डेबियनच्याच बॅकपोर्ट्स रिपॉझिटरीतून घेतलेल्या पॅकेजेसनाही एलटीएस लागू नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. यादी करा आणि प्रत्येकासमोर तारीख लिहा.

आणि शेवटचं म्हणजे आर्काइव्ह. मुदत संपलेली रिलीजेस काही काळाने मुख्य मिररवरून काढून डेबियनच्या आर्काइव्ह सर्व्हरवर टाकतात. मग अपडेट करताना ४०४ येतो, कुणीतरी सांगतं की ओळीत आर्काइव्हचा पत्ता टाक, तो टाकला की एरर जातो आणि आपण खूश. आर्काइव्हमध्ये फक्त जुन्या फाइली ठेवलेल्या असतात, नवा फिक्स तिथे कधीच येत नाही. एखादं पॅकेज शेवटचं मिळवायला किंवा अपग्रेडआधी शेवटच्या अपडेटपर्यंत यायला तो ठीक आहे, सर्व्हर कायम त्यावर ठेवायला नाही.

पायरी ५: कुठल्या पॅकेजला सपोर्ट नाही

रिलीजला मुदत असली तरी आतल्या प्रत्येक पॅकेजला असतेच असं नाही. काहींचा जुना कोड सांभाळणं टीमला शक्य होत नाही आणि ते तसं स्पष्ट जाहीर करतात. 'डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट' नावाचं पॅकेज इन्स्टॉल करा आणि 'चेक-सपोर्ट-स्टेटस' ही कमांड द्या, तुमच्या मशिनवरच्या अशा पॅकेजेसची यादी येते. त्यातलं जे लागत नाही ते काढून टाका, सर्व्हरवर ब्राउझर वगैरे कशाला ठेवायचा.

शिवाय पिप, एनपीएम, कंपोझरने आणलेलं, वर्डप्रेसचे प्लगिन, 'यूएसआर/लोकल' मध्ये कुणी हाताने टाकलेलं, हे सगळं ॲप्टच्या बाहेरचं. ते तुमचं तुम्हीच सांभाळायचं.

पायरी ६: अपडेट आपोआप लागू द्या, पण लागलंय हे बघा

'अनअटेंडेड-अपग्रेड्स' इन्स्टॉल करून चालू करा. एलटीएसमधले बदल मुद्दाम छोटे ठेवलेले असतात, त्यामुळे रात्री आपोआप लागले म्हणून सकाळी ॲप्लिकेशन बंद पडलंय असं क्वचितच होतं, आणि माझ्या मते त्या छोट्या जोखमीपेक्षा महिनोन्महिने फिक्स न लावण्याची जोखीम कितीतरी मोठी आहे. आधी 'ड्राय-रन' आणि 'डीबग' हे दोन पर्याय देऊन चालवून बघा, तो काय उचलणार ते आउटपुटमध्ये दिसतं. नंतर 'व्हार/लॉग' मधला त्याचा लॉग अधूनमधून वाचा.

पॅकेज बदललं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. ओपनएसएसएलची लायब्ररी डिस्कवर नवी आली तरी आधीपासून पळणारा अपाचे मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहतो, रीस्टार्ट होईपर्यंत. २०१४ च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या दोषाच्या वेळी हाच मुद्दा होता, डेबियन ७ वाल्यांना १.०.१ई-२+डेब७यू५ मध्ये फिक्स मिळाला, पण सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य. 'नीडरीस्टार्ट' नावाचं पॅकेज टाकून ठेवा, कुठली सर्व्हिस जुन्या लायब्ररीवर आहे ते तो सांगतो. कर्नलसाठी मात्र रिबूटच लागतो, त्यासाठी महिन्यातला एक ठरावीक दिवस लायब्ररीतल्या किंवा ऑफिसमधल्या लोकांना सांगून ठेवा, रविवारी सकाळी वगैरे. एकदा सवय झाली की कुणी तक्रार करत नाही.

पायरी ७: मिळालेल्या वेळात पुढच्या रिलीजवर जा

एलटीएस आहे म्हणून निवांत बसलं आणि शेवटच्या महिन्यात धावपळ केली असं करू नका. मुदत संपायच्या निदान सहा महिने आधी हे काम हातात घ्या.

डेबियनमध्ये रिलीज गाळून उडी मारता येत नाही. ११ वरून १२, मग १२ वरून १३. प्रत्येकाच्या रिलीज नोट्स असतात, त्यातलं अपग्रेडचं प्रकरण पूर्ण वाचा, अर्धा तास लागतो आणि तो सार्थकी लागतो.

सुरुवात बॅकअपपासून, आणि बॅकअप दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. व्हर्च्युअल मशिन असेल तर क्लोन काढा आणि सगळा अपग्रेड आधी क्लोनवर करा. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये केलं तरी चालेल. क्लोनवर काय काय तुटतं ते कागदावर लिहून काढा, कारण तुटतंच.

११ वरून १२ ला जाताना पीएचपी ७.४ चं ८.२ होतं. जुन्या कोडमध्ये 'ईच' किंवा 'क्रिएट_फंक्शन' वापरलेलं असेल तर ते ८.० मध्येच काढून टाकलंय, पान थेट मरतं. त्याहून घातक म्हणजे शून्याची तुलना अक्षरांच्या स्ट्रिंगशी केली तर ७.४ मध्ये उत्तर खरं यायचं, ८ पासून खोटं येतं, तिथे एरर वगैरे काही येत नाही, फक्त हिशोब किंवा लॉगिनची अट गुपचूप उलटी होते. ॲप्लिकेशन कुणी बाहेरच्याने लिहून दिलेलं असेल तर त्याला आत्ताच फोन करा. कोहा असेल तर तुमचं कोहाचं व्हर्जन नवीन डेबियनवर चालतं का ते आधी बघा, लागलं तर कोहा आधी पुढे न्या.

पायथन ३.९ चं ३.११ होतं, त्यामुळे जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट चालत नाही, नव्याने बनवावी लागते, आणि बुकवर्मपासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही टाकायला गेलं तर तो नकार देतो. मारियाडीबी असेल तर अपग्रेडआधी ती नीट, व्यवस्थित बंद करून घ्या.

पोस्टग्रेस या डेटाबेसचं मात्र लक्ष देऊन वाचा. बुल्सआयमध्ये १३ आहे, बुकवर्ममध्ये १५. डेबियन अपग्रेड झालं तरी तुमचा डेटा १३ मध्येच राहतो आणि १३ तसंच पळत राहतं, ॲप्लिकेशन चालतं, सगळे टाळ्या वाजवतात. पण बुकवर्ममध्ये १३ चं पॅकेजच नाही, त्यामुळे त्याला इथून पुढे एकही फिक्स येणार नाही. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' दिलं की दोन क्लस्टर (पोस्टग्रेसच्या एका व्हर्जनचा सगळा डेटा म्हणजे एक क्लस्टर) दिसतील, १३ वाला ५४३२ पोर्टवर आणि नवीन रिकामा १५ वाला बहुतेक ५४३३ वर. रिकामा असल्याची खात्री करून तो १५ वाला 'पीजी_ड्रॉपक्लस्टर' ने काढायचा आणि मग 'पीजी_अपग्रेडक्लस्टर १३ मेन'. सगळं चालतंय हे बघून झाल्यावरच जुना १३ काढायचा.

प्रत्यक्ष अपग्रेडचा क्रम: आधी चालू रिलीज पूर्ण अपडेट करा, 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' ने कुठलं पॅकेज अडकवून ठेवलंय का बघा, डिस्कवर आणि बूट पार्टिशनवर जागा आहे का बघा. बाहेरच्या रिपॉझिटरी तात्पुरत्या बंद करा. सोर्सेसमध्ये बुल्सआयच्या जागी बुकवर्म करा, आणि हार्डवेअरला फर्मवेअर लागत असेल तर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा नवीन भाग जोडायला विसरू नका, बुकवर्मपासून फर्मवेअर तिकडे हलवलंय. मग टीमक्स किंवा स्क्रीन उघडून त्यात काम सुरू करा, कारण मध्येच नेट गेलं आणि एसएसएच तुटलं तर अपग्रेड अर्ध्यात लटकायला नको. 'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज', मग 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. मध्येमध्ये कॉन्फिग फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ असं विचारेल, तुम्ही हाताने बदललेली फाइल असेल तर जुनी ठेवा, नवी शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' अशा शेपटीने पडून राहते, ती नंतर शांतपणे ताडून बघा. रिबूट. शेवटी 'ॲप्ट लिस्ट' ला 'ऑब्सोलीट' चा फिल्टर लावून कुठली पॅकेजेस मागे राहिली ते काढा, वरच्या पोस्टग्रेस १३ सारखे राहिलेले तिथे सापडतात.

पायरी ८: खरंच पुढे जाता येत नसेल तर

असं होतं. एखाद्या मशिनला जोडलेलं उपकरण जुन्या ड्रायव्हरवरच चालतं, किंवा ॲप्लिकेशन लिहिणारी कंपनीच बंद पडली. अशा वेळी फ्रेक्सियनची ईएलटीएस (एलटीएस संपल्यानंतरचा वाढीव सपोर्ट) विकत घेता येते, त्यात रिलीजला एकूण दहा वर्षांपर्यंत फिक्स मिळतात, बस्टरला २०२९ च्या जूनपर्यंत. यात पैसे भरणाऱ्या ग्राहकांना जी पॅकेजेस लागतात तेवढीच सांभाळली जातात, त्यामुळे आपली यादी देऊन आधी चौकशी करा.

पैसे नसतील तर मशिन इंटरनेटवरून काढा. पब्लिक आयपी काढून टाका, फायरवॉलमध्ये ज्या दोन-चार मशिनना खरंच लागतं त्यांनाच परवानगी द्या, बाहेरून यायचं असेल तर व्हीपीएनमधून, आणि समोर अपडेटेड रिव्हर्स प्रॉक्सी ठेवा. हा कायमचा तोडगा नाही, आणि हे वरिष्ठांना लेखी कळवून ठेवा, तारखेसकट.

पायरी ९: या कामात हात लावायचा असेल तर

शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. एखादा दोष उचला, नवीन व्हर्जनमधला त्याचा फिक्स गिटमध्ये शोधा आणि जुन्या ब्रँचवर 'चेरी-पिक -एक्स' करून बघा. ते एक्स महत्त्वाचं, त्याने मूळ कमिटचा नंबर मेसेजमध्ये राहतो आणि पुढच्या माणसाला कळतं की हा बदल कुठून आला. बहुतेक वेळा कॉन्फ्लिक्ट येतो, कारण मधल्या काळात फंक्शनचं नाव बदललेलं असतं किंवा कोड दुसऱ्या फाइलमध्ये गेलेला असतो. तिथे लालूच होते की मधले दोन-तीन कमिट पण घेऊन टाकू, सोपं जाईल. घेऊ नका, दोष जाण्यापुरतं जेवढं लागतं तेवढंच हाताने बसवा, मूळ लेखकाचं नाव तसंच ठेवा, आणि सोबत टेस्ट असेल तर तीही आणा. लिनक्स कर्नलच्या स्टेबल ब्रँचचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे, तिथे फिक्स आधी मुख्य कर्नलमध्ये गेलेला असावा लागतो, मगच जुन्यात येतो, नाहीतर जुन्यात दुरुस्त आणि नव्यात परत तोच दोष अशी गत होते.

कोड लिहिता येत नसेल तरी अपडेट आल्यावर तुमच्या टेस्ट मशिनवर लावून बघणं आणि बिघडलं तर नीट कळवणं हे मोठं काम आहे, कारण तुमच्यासारखं कॉम्बिनेशन टीमकडे नसतं. कंपनी असेल तर स्पॉन्सरशिपचं विचारा, दर वर्षी लायसन्सवर जे पैसे जातात त्याच्या तुलनेत ही रक्कम मालकाला पटवणं अवघड नाही.

बग कळवताना एक पथ्य पाळा. डेबियनच्या जुन्या पॅकेजमधली अडचण घेऊन मूळ प्रोजेक्टच्या दारात जाऊ नका, त्यांनी ते व्हर्जन कधीच सोडून दिलेलं असतं आणि ते काम फुकट करणाऱ्या माणसावर ओरडणं बरोबर नाही. डेबियनच्या 'रिपोर्टबग' ने कळवा. त्यात शेवटच्या '+डेब११यू' आकड्यासकट पूर्ण व्हर्जन लिहा, कुठल्या अपडेटपर्यंत नीट चालत होतं ते लिहा, आणि तीच गोष्ट नवीन रिलीजच्या टेस्ट मशिनवर करून बघितली तर काय झालं तेही लिहा.